आईची हाडं ठिसूळ, दाढाही हलताहेत. आधी इंजेक्शन की आधी दाढा काढू?

सायली_लेक: आई ६७ वर्षांची आहे. डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत) मणक्याचा टी-स्कोअर −२.९ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन सुचवलंय. नेमक्या आत्ताच खालच्या दोन दाढा हलायला लागल्यात आणि दंतवैद्य त्या काढायला सांगताहेत. या दोन्हींचा काही संबंध आहे का? आधी काय करावं?

दातांचा_डॉक्टर: संबंध आहे, पण सगळा दोष ऑस्टिओपोरोसिसला देऊ नका. दात हलतात ते मुख्यतः हिरड्यांच्या जुन्या आजारामुळे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाड झिजवणाऱ्या पेशींचा जोर वाढतो आणि जबड्याचं हाडही विरळ होऊ लागतं. त्यात हिरडी सुजलेली असेल तर दाताचा आधार भराभर जातो. म्हणून कीटण काढून घेणं, हिरड्यांवर उपचार करणं आईंसाठी जास्तच गरजेचं आहे.

क्रमाचं म्हणाल तर शक्यतो दाढा आधी. या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं राहतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये हा धोका फारच कमी आहे, कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसमध्ये बराच जास्त. तरी टाळता येतंय तर टाळावं. दाढा काढल्यावर हिरडी भरून यायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, मग इंजेक्शन.

मोगरा: सायली, आईंना नुकतंच फ्रॅक्चर झालंय का? तसं असेल तर दातांपायी इंजेक्शन महिनोन्‌महिने लांबवू नकोस. खुब्याचं हाड मोडलं तर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, त्यापुढे दाढेचं दुखणं काहीच नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लाव. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी हेच केलं, पाच मिनिटांत प्रश्न सुटला.

सायली_लेक: फ्रॅक्चर नाही, ताई. पण दर ६ महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब हे इंजेक्शनही सुचवलं होतं. ते दातांसाठी बरं का?

दातांचा_डॉक्टर: जबड्याचा तो धोका त्यातही आहे. शिवाय ते मध्येच सोडलं तर हाडांची घनता झपाट्याने उतरते, मणके दबण्याची भीती असते. त्यामुळे पुढे कधी दात काढायचा झाला तरी कुणीही स्वतःच्या मनाने डोस चुकवू नये. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे ऐनवेळी चार दिवस औषध बंद ठेवून काही साधत नाही.

आणि एक. दाढा काढण्याआधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घ्या. आत आणखी एखादा दात काढण्याजोगा असेल तर तोही याच वेळी उरकता येईल.

सायली_लेक: ओपीजी अजून काढलेला नाही. आधी तो काढते, मग डेक्साचा रिपोर्ट घेऊन आईला दंतवैद्यांकडे नेते.