ते बुडबुडे हायड्रोजनचे नव्हेत

खानापूरच्या सरांनी वर विचारलंय: रंगाच्या दुकानातली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड पाण्यात कालवून बाटली उन्हात ठेवली, बुडबुडे आले, तो उन्हाने पाणी फुटून निघालेला हायड्रोजन का? नाही सर. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते. शेजारी नुसत्या पाण्याची बाटली ठेवून बघा, तिच्यातही येतील.

रंगासाठीची पूड बहुतेक रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिकप्रकार) असते आणि कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचा लेप असतो, उन्हात रंगाची भुकटी होऊ नये म्हणून. म्हणजे आपल्याला हवी तीच क्रिया, पुडीने प्रकाशाच्या जोरावर रासायनिक बदल घडवणं, कारखान्यात मुद्दाम दाबलेली. लेप नसलेली अ‍ॅनाटेज पूड मागवा, हा त्याचाच दुसरा स्फटिकप्रकार. तिचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे साधारण 388 नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा प्रकाश तिला निरुपयोगी, अतिनीलच लागतो. बेळगावचं एप्रिलचं ऊन कितीही कडक असो, त्यातला अतिनील वाटा 4-5 टक्केच. शिवाय सुटलेले इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेली छिद्रं (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) बहुतेक वेळा पुन्हा एकत्र येतात. ते टाळायला कणांवर वजनाच्या 0.5 ते 1 टक्का प्लॅटिनम बसवतात. पण त्याच प्लॅटिनमवर तयार झालेल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्ही वायूंचं परत पाणी होतं, ही खरी डोकेदुखी.

वर्गात ही क्रिया दाखवायला मिथिलीन ब्लू हा निळा रंग बरा, पूड उन्हात त्याचा रंग घालवते. लिटरला 10 मिलिग्रॅम रंग, 1 ग्रॅम पूड, उथळ काचपात्र. आधी अर्धा तास अंधारात ढवळा, कारण कणांना चिकटूनही रंग उतरतो. मगच उन्हात, ढवळत राहून. वर पॉलिकार्बोनेटचं (पारदर्शक प्लास्टिकचं) झाकण नको, ते अतिनील अडवतं. पूड न घातलेलं एक पात्र सोबत हवंच. हा रंग उन्हाने थोडा आपोआपही विटतो.