आधी शॉक, मग अमिओडारोन

व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोक्याची जलद धडधड) झाली की 'अमिओडारोन (हृदयाची लय ताळ्यावर आणणारं औषध) लावा, ठोके नाही उतरले तर शॉक (विजेचा झटका)', असा सल्ला दिला जातो, तो बीपी टिकून असलेल्या पेशंटपुरता ठीक. बीपी पडलंय, शुद्ध हरपतेय अशा व्हीटीत सिंक्रोनाइज्ड (ठोक्याशी वेळ जुळवून दिलेला) शॉकच आधी. अमिओडारोनचे १५० मिलिग्रॅम द्यायलाच १० मिनिटं जातात, शिवाय शिरेतून दिलेलं अमिओडारोन स्वतःच बीपी पाडतं. त्यात ते विरघळवणाऱ्या पॉलिसॉर्बेट ८० चाही हात असतो. जतहून मिरजेला पेशंट हलवताना ड्रिप घाईत सोडली की काय होतं, ते अँब्युलन्समध्ये बसलेल्याला विचारा!

आणि ईसीजीवर क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबलेला, लाटा पीळ घातल्यासारख्या दिसल्या (टॉर्साड, व्हीटीचाच एक प्रकार) तर अमिओडारोनला हातच लावू नका. २ ग्रॅम मॅग्नेशियम द्या. पेशंट ढासळलाच तर तिथेही शॉक, फक्त सिंक न करता.