लेयर्सवाले लांब केस घरच्या घरी ट्रिम करता येतात का?

नौपाडा_नेटकरी:
केस कंबरेच्या वीतभर वर येतात, थोडे वेव्ही आहेत. लेयर्स मारलेत त्याला बरेच महिने झाले, सगळ्यात आखूड लेयर हनुवटीशी होता तो आता खांद्याखाली उतरलाय. आकार मला अजून आवडतो पण शेंडे पार राठ झालेत, वेणी घातली की शेवटी उंदराचं शेपूट उरतं. पार्लरं आमच्याकडे पावलापावलाला आहेत, राम मारुती रोडला तर मोजायची सोय नाही, पण दर वेळी कात्री धरणारी मुलगी वेगळी आणि प्रत्येकीचं "एक बोट" वेगळं, मी म्हणते फक्त शेंडे काढ आणि खाली बघते तर चार बोटं गेलेली. चार बोटं म्हणजे जवळपास तीन इंच, केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे सहा महिन्यांची कमाई एका कात्रीत साफ. व्हिडिओत सगळ्या जणी कपाळावर पोनी बांधून एकदाच खचकन कापतात आणि म्हणे लेयर्स तयार. ते करू का? कोणी नियमित घरी करतं का इथे?

खारघर_रायडर:
मुलगा आहे, केस खांद्याखाली, घरीच कापतो. रात्री उशिरा आणि डोकं फिरलेलं असताना कात्री हातात घेऊ नको एवढंच सांगतो 😄 बाकी जाणकार सांगतील.

ऐरोली_कैचीवाली:
पार्लरमध्ये काम करते, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे स्वतःचंच गिऱ्हाईक घालवणं आहे, पण असो.

कपाळावरच्या पोनीने नेमकं काय होतं ते आधी बघ. मानेवरचा केस डोक्यावरून कपाळापर्यंत यायला साधारण चौदा इंच खातो, कपाळावरचा केस तर जागेवरच असतो. मग एका रेषेत कापून केस सोडले की मागचा आणि पुढचा यात तेवढाच फरक पडणार. मागे सव्वीस इंच असतील तर पुढे बाराच उरतात, म्हणजे जेमतेम गळ्याच्या हाडापर्यंत. कोणाला हवंच असतं तसं, पण तुला आहे तोच आकार ठेवायचाय ना, मग आधी तुझे लेयर्स कसे कापलेत ते कळायला पाहिजे.

ते बघायला कात्री लागत नाही. केस कोरडे हवेत, गुंता नीट काढ, खाली वाकून सगळे केस कपाळाच्या मधोमध आण आणि रबर लाव. आता फक्त टोकं बघ. सगळी टोकं दोन बोटांच्या आत एका ठिकाणी जमली तर तुझे लेयर्स याच पद्धतीने कापलेत, टोकाचं पाव-अर्धा इंच काढलंस तरी आकार हलणार नाही. टोकं वरखाली पसरली तर तीच पोनी टाळूवर बांधून बघ, काही जणी तिथून लेयर्स काढतात. तिथेही पसरली तर पोनीचा नाद सोड, ज्या कोनात केस कापलेच नव्हते त्या कोनात कात्री घातली की नवीन हेअरकट होतो, ट्रिम नाही.

नौपाडा_नेटकरी:
बाप रे, हे कोणीच सांगत नाही. आत्ताच करून बघितलं. कपाळावर बांधली तर टोकं वीतभर वरखाली, टाळूवर जरा बरी जमतात पण तरी चार बोटांचा फरक आहेच, आणि कानाजवळच्या बटा तर वेगळ्याच कुठेतरी. म्हणजे पोनी बाद. मग आता?

वाशी_कुरळी:
ऐरोलीताई पुढचं सांगतीलच, मधे एक घुसवते. व्हिडिओत केस ओले करून कापतात ते बघून ओले करू नकोस. ओला केस ताणला की लांबतो आणि सुकला की आखडतो, वेव्ही केसांत तर जास्तच, त्यामुळे अर्धा इंच म्हणून कापलेलं सुकल्यावर दीड इंच गेल्यासारखं दिसतं. माझे पूर्ण कुरळे आहेत, मी कोरडेच कापते, एकेक कुरळी बट न ताणता, जशी लोंबते तशीच धरून. आणि शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये आकाराचे निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत केस इतके फुगतात की कुठला लेयर कुठे आहे ते कळतच नाही. तेवढे दिवस फक्त फाटे काढ.

ऐरोली_कैचीवाली:
कोरडे कापायचं हे शंभर टक्के. पार्लरमध्ये आम्ही ओले कापतो कारण रेष पकडायला सोपं जातं आणि आखडणार किती त्याचा अंदाज हाताला असतो, घरी तो नसतो.

तर आता पद्धत. लेयर्स आहेत तिथेच राहू देत, आपण फक्त फाटे काढायचे. दिवसा खिडकीत बस, कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग पाड, दोन्ही भाग खांद्यावरून पुढे घे. एका बाजूचे चार-पाच भाग करून चिमटे लाव, आणि एका वेळी पेन्सिलएवढी बट घेऊन पीळ घाल. पीळ घातला की बटेच्या अंगावर बारीक बारीक टोकं उभी राहतात. बऱ्याच जणी इथे घाई करतात. एकाच लांबीच्या केसांत मधेच बाहेर आलेलं टोक बहुतेक तुटलेल्या नाहीतर नव्या केसाचं असतं, लेयर्समध्ये मात्र प्रत्येक लेयरचं धडधाकट टोकसुद्धा बाहेर येणारच. दिसेल ते टोक उडवत गेलीस तर फाट्यांबरोबर चांगले केसही जातील आणि शेंडे आणखी विरळ होतील. म्हणून टोक उजेडाकडे धर, मागे गडद ओढणी असली की छान दिसतं. दुभंगलेलं असेल, किंवा टोकाला पांढरा ठिपका असेल, तरच काप. आणि कापायचं ते फाट्याच्या जरा वर, अर्धा सेंटीमीटर तरी, कारण फाट्यातच कापलं तर उरलेला फाटा वर चढत जातो. लेयर्सच्या केसांत फाटे फक्त खालीच नसतात हे लक्षात ठेव, जिथे जिथे लेयर संपतो तिथे तिथे असतात, छातीशी, खांद्याशी, सगळीकडे. एका बैठकीत होत नाही, एक बाजू आज, एक उद्या, काही बिघडत नाही.

ते उंदराचं शेपूट म्हणतेस ते मात्र फाटे काढून जाणार नाही, तिथे मुळात केसच कमी उरलेत. खालचं एक-दोन इंच मनावर दगड ठेवून काढावं लागेल. कात्री आडवी धरून सरळ रेघ मारू नकोस, लेयर्सच्या खाली पायरी दिसते. कात्रीचं टोक वरच्या दिशेला, केसांना जवळजवळ समांतर, आणि छोटे छोटे कट.

नौपाडा_नेटकरी:
हे मस्त समजावलंत. खालची कड दोन्ही बाजूंनी पुढे घेऊन कापली तर मागे सरळ राहील का? आई म्हणतेय मी मागून कापून देते, पण ती लेयर-बियर काही मानत नाही, सरळ रेषेत कापीन म्हणते.

ऐरोली_कैचीवाली:
पुढे घेऊन कापलीस तर मागे सरळ राहणार नाही, व्ही येईल. पाठीच्या मधला केस खांद्यावरून पुढे यायला जास्त अंतर खातो, म्हणून तो लांब राहतो. व्ही आवडत असेल तर तसंच कर, घरी एकटीने करायला तेच सोपं. सरळ किंवा हलका यू हवा असेल तर आईला फक्त सगळ्यात खालची कड दे, वरचे लेयर्स क्लचरने वर बांधून टाक म्हणजे ते तिच्या हाती लागणारच नाहीत. उभी राहा, मान सरळ, मोबाईलमध्ये बघायचं नाही. मान वाकवून कापलं की सरळ झाल्यावर रेष बदलते.

घणसोली_काकू:
आमच्या सासूबाई मंगळवारी, अमावास्येला आणि तिन्हीसांजेला केस कापू द्यायच्या नाहीत. तिन्हीसांजेचं तेवढं पटतं, उजेड नसतो. एक विचारायचं होतं, ट्रिम केलं की केस भराभर वाढतात म्हणतात ते खरं का? मुलगी दर महिन्याला शेंडे कापून घेते.

वाशी_कुरळी:
नाही काकू. वाढ मुळाशी होते, कातडीच्या आत, शेंड्याला काय झालं ते मुळाला कळतच नाही. फाटे काढले की केस खालून तुटायचे कमी होतात म्हणून लांबी टिकते, तेवढंच. दर महिन्याला अर्धा इंच कापला तर वाढलं तेवढंच गेलं की, मुलीचे केस आहेत तिथेच राहणार.

घोडबंदर_टँकरग्रस्त:
शेंडे राठ व्हायला आमच्याकडे पाणीही हातभार लावतं, उन्हाळ्यात अर्धा वेळ टँकर, त्यातलं पाणी कुठलं ते देवालाच ठाऊक, साबणाला फेस येत नाही. मी शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेते, चार जणांच्या घरात त्यावरून रोज बोलणी खाते. बाकी टिप एकच, कापताना पावसाळी रेनकोट उलटा घाला, म्हणजे बटणं पाठीवर. सुती ओढणीत केस रुततात ते आठवडाभर टोचतात, रेनकोटवरून घसरून खाली वर्तमानपत्रावर पडतात. बाथरूममध्ये कापू नका, जाळी तुंबली की घरात महाभारत.

नौपाडा_नेटकरी:
रेनकोट 😂 हे करणारच. शेवटचा प्रश्न, कात्री कुठली? घरात एक कागदाची आहे आणि आईची शिवणकामाची, तिला तर हात लावला तरी ओरडा बसतो. आणि ती एका बाजूला दात असलेली मिळते ती घेऊ का सोबत?

खारघर_रायडर:
दातवाली नको. ती केस विरळ करायची कात्री आहे, तुझे शेंडे आधीच विरळ. वर मारलीस तर आखूड केस मधेच तयार होतात आणि दमट हवेत तेच ताठ उभे राहतात.

ऐरोली_कैचीवाली:
बरोबर. कागदाची कात्री केस कापत नाही, चावते, पात्यांमध्ये केस दुमडतो आणि त्याच जागी नवा फाटा तयार. केस कापायची साडेपाच किंवा सहा इंची स्टीलची घे, घरच्या वापराला फार महागडी लागत नाही. ती फक्त केसांनाच, दुधाची पिशवी सुद्धा तिने कापायची नाही, घरात सगळ्यांना तशी ताकीद दे. वापरून झाली की कोरड्या फडक्याने पूस, स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब. धार गेली तर सोसायटीत सायकल घेऊन धारवाला येतो त्याच्याकडे देऊ नकोस, त्याचा दगड सुरी-विळीसाठी ठीक, केसांच्या कात्रीची धार बारीक असते, ती तो खाऊन टाकतो. पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात विचार, ते धार लावणाऱ्याचा पत्ता देतात.