झिप, टार की आणखी काही? तुमचे अनुभव लिहा

बिल्ड (कोडपासून तयार केलेला प्रोग्राम) असो, लॉग असो की सोर्स, अनेक फायली झिप किंवा टार अशा एकाच फाइलमध्ये बांधून पाठवायच्या म्हटलं की आमच्या टीममध्ये वाद ठरलेला. कुणाचं काय आणि कुठे अडलं ते सविस्तर येऊ द्या. बेंचमार्कचे तक्ते नकोत, ते नेटवर ढिगाने आहेत.

सर्व्हरवाला: आमचं बिल्ड झिपमध्ये यायचं आणि पायथनच्या झिपफाइल मॉड्यूलने उलगडलं जायचं. मग सर्व्हरवर स्टार्ट स्क्रिप्ट 'परमिशन डिनाइड' म्हणून अडून बसणार! झिपमध्ये युनिक्सच्या परमिशन्स (फाइल कोण वाचू-चालवू शकतं ते) असतात, पण त्या मॉड्यूलचं 'एक्स्ट्रॅक्टऑल' त्या लावतच नाही. सिमलिंकचं (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइलचं) तर विचारूच नका. टार मुळात टेपवर बॅकअप घ्यायला आलेलं, त्यामुळे मालक, परमिशन्स, लिंक सगळं जागच्या जागी. आता लिनक्सवर जायचं ते टारमधूनच.

रात्रपाळी: क्लायंटला डबल क्लिक करून उघडता आलं पाहिजे. झिप. विषय संपला.

देवनागरी_फाइल: इतका सहज नाही संपत. एका कार्यालयाकडून 'सातबारा', 'फेरफार' अशा नावांच्या फायलींची झिप आली. उघडली तर जिकडेतिकडे ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश 'एन'. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइटचं. त्यातले पहिले दोन जुन्या डॉस कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) वाचले की नेमके असेच दिसतात. नावं यूटीएफ-८ आहेत हे सांगणारा एक बिट झिपमध्ये असतो, पण पाठवणाऱ्याच्या टूलने तो लावलेलाच नव्हता. डेटा शाबूत, नावांची मात्र वाट.

बिल्डबाबा: आमची तऱ्हा वेगळी. जानेवारी २०२३ मध्ये एका सकाळी सगळी बिल्ड्स लाल, म्हणजे फेल. कोडमध्ये काडीचा बदल नाही, तरी चेकसम (फाइल तीच आहे का ते ताडायचा आकडा) जुळेना. कोड होस्टिंग साइट जे टार-जीझिप (जीझिपने दाबलेली टार) आपोआप बनवून देते, त्यामागचा कॉम्प्रेसर बदलला होता. आतल्या फायली तंतोतंत त्याच, बाहेरचे बाइट वेगळे. आता रिलीजची टार आम्हीच बनवतो: फायली नावानुसार लावून, वेळ ठरावीक, मालक शून्य, आणि जीझिपला 'एन' पर्याय, म्हणजे हेडरमध्ये मूळ नाव आणि वेळ जात नाही.

कमान_लाईन: झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेसरचं कुणीच नाव काढलं नाही? आर्च लिनक्सने २०१९ च्या अखेरीस पॅकेजेस एक्सझेड या कॉम्प्रेसरवरून त्यावर नेली. आकार जेमतेम ०.८ टक्के वाढला, उलगडण्याचा वेग त्यांच्याच आकड्यानुसार १३०० टक्क्यांनी. आमच्या सीआय (आपोआप बिल्ड आणि चाचणी) कॅशला हेच आहे. आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार (चोरून शिरायची वाट) सापडलं, तेव्हा मेख फॉरमॅटमध्ये नव्हती. ते दार उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट रिलीजच्या टारमध्ये होती, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) नव्हती. बिल्डबाबा, टार स्वतः बनवता हे ठीक, पण गिटशी ताडूनही बघा.

सर्व्हरवाला: झिपची बाजूही सांगतो. जावाचं जार, अँड्रॉइड ॲपचं एपीके, पायथन पॅकेजचं व्हील, सगळं आतून झिपच. तिची सूची शेवटी असते, म्हणून हवी ती एकच फाइल थेट काढता येते. परवा लॉगच्या भल्यामोठ्या टार-जीझिपमधून एक फाइल हवी होती. ती होती शेवटाकडे, आणि टारला तशी सूची नाही, सुरुवातीपासून उलगडत जावं लागतं. चहा होऊन आला तरी उलगडणं चालूच.