ॲक्सोलॉटल आणि टिटिकाका बेडूक: संकट सारखे नाही

ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडर (शेपटी असलेला उभयचर प्राणी) आणि पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरील टिटिकाका सरोवरातील बेडूक हे दोघेही जन्मभर पाण्यातच राहत असल्याने त्यांच्या ऱ्हासाची कारणेही सारखीच असावीत, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. मेक्सिको सिटीतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, ते २०१४ पर्यंत जेमतेम ३६ उरले. शहराचे सांडपाणी त्याला कारणीभूत आहेच, परंतु बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे ॲक्सोलॉटलची अंडी व पिल्ले फस्त करतात, हे मला अधिक घातक वाटते.

टिटिकाका बेडकाची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील थंड पाण्यात तो मुख्यतः आपल्या ढगळ, घड्या पडलेल्या कातडीतूनच श्वास घेतो, आणि प्राणवायू कमी पडला की तळाशी बसून अंग वरखाली हलवत त्या घड्यांमधून पाणी खेळवतो. साहजिकच सांडपाणी थेट त्याच्या श्वासावर घाला घालते. २०१६ मध्ये सरोवराला मिळणाऱ्या कोआटा नदीत सुमारे १०,००० बेडूक मेलेले आढळले. शिवाय पेरूच्या बाजारांत हा बेडूक मिक्सरमधून काढून ‘शक्तिवर्धक’ रस म्हणून विकला जातो. त्यामुळे सोचिमिल्कोच्या अरुंद कालव्यांना गाळण्या बसवून मासे रोखण्याचा उपाय एवढ्या अफाट सरोवराला लागू पडणार नाही.