मस्टँगचं स्टीअरिंग डावीकडून उजवीकडे: करावं की राहू द्यावं?

स्टेपनी

नमस्कार मंडळी, मुक्काम मेलबर्न. घरात तीन वर्षं चाललेल्या वाटाघाटी सफल होऊन कॅलिफोर्नियाहून आलेली १९६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप एकदाची दारात उभी राहिली. २८९ घनइंची व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक, रंग फिका निळा. पत्रा वरवर तरी चांगला दिसतोय. अडचण एकच, स्टीअरिंग डावीकडे.

परवा रविवारी डेलस्फर्डला निघालो. दुपदरी रस्ता आणि पुढे घोड्यांचा ट्रेलर. मी डाव्या कडेला बसलेलो, त्यामुळे समोरून काय येतंय ते दिसायची सोयच नाही, दिसतं फक्त घोड्याचं शेपूट. शेवटी बायको खिडकीतून डोकावून "आत्ता नको, आत्ता नको... जा" असं सांगत होती. व्ही-८ च्या आवाजात "जा" आणि "नको जा" यात फारसा फरक उरत नाही. पार्किंगचं तिकीटही तीच घेते. तिच्या मते गाडी तीच चालवते, मी फक्त चाक फिरवतो.

उजवीकडे करून द्यायचे एका वर्कशॉपने २४ हजार डॉलर सांगितले, दुसऱ्याने ११ हजार. एवढा फरक कशाचा? कोणी केलंय का हे काम? मुळात करावं का?

गॅरेजनाना

आधी अभिनंदन! फोटो नाही म्हणजे गाडी नाही, तेव्हा फोटो टाका.

कायद्याची सक्ती नाही. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात ३० वर्षांहून जुनी गाडी डाव्या स्टीअरिंगसकट रजिस्टर होते. मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अशी पाटी लावायची, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंचीची. क्लब परमिटवर (जुन्या गाड्यांच्या क्लबमार्फत, मोजके दिवस चालवायचा परवाना) ठेवलीत तर वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचं लॉगबुक मिळतं. रविवारच्या भटकंतीला तेवढं पुष्कळ.

आता पैशांचं. लोकांना वाटतं चाक इकडचं तिकडे नेलं की झालं. पण स्टीअरिंग बॉक्स, म्हणजे हातातल्या चाकाचं फिरणं पुढच्या चाकांकडे नेणारा गिअरचा डबा, चॅसीच्या डाव्या रेलला (लांब तुळईला) बोल्टने आवळलेला असतो. उजव्या रेलला तो पेलायची तयारीच नसते. तिथे भोकं पाडून आत नळ्या घालाव्या लागतात, बाहेरून पट्टी द्यावी लागते, नाहीतर काही वर्षांत रेलला चीर जाते. पिटमन आर्म आणि आयडलर आर्म, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांना दोन बाजूंनी धरणारे हात, यांची अदलाबदल होते. त्यांचे कोन चुकले तर खड्ड्यात चाक वरखाली झालं की गाडी आपोआप वळते. शिवाय उजवीकडे आधीच गर्दी: हीटरचा डबा तिथे, स्टार्टर तिथे, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिथे. २४ हजारवाला बहुधा हे सगळं मोजतोय.

आपलं नशीब एवढंच की मस्टँग फोर्डच्याच फाल्कन गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली आणि फाल्कन ऑस्ट्रेलियात उजव्या स्टीअरिंगची बनायची. १९६५-६६ मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाने स्वतः सिडनीतल्या होमबुशच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास मस्टँग उजव्या करून विकल्या. पुढे कित्येकांनी जुन्या फाल्कनचा बॉक्स आणि पेडल काढून हेच केलं. आता तो माल सहजी मिळत नाही, म्हणून बरेच जण रॅक-पिनियनचा (दातेरी पट्टीवर चालणाऱ्या वेगळ्या स्टीअरिंगचा) किट बसवतात.

पेट्रोलपंप

११ हजारवाल्यापासून चार हात लांब राहा. मी दहा वर्षांपूर्वी 'आधीच उजवी केलेली' मस्टँग घेतली होती. चालवताना चाक दोन बोटं फिरेपर्यंत काही व्हायचंच नाही. डॅशबोर्ड उघडला तर आत सायकलसारखी चेन! डावीकडचा मूळ कॉलम (स्टीअरिंगचा दांडा) तसाच ठेवून दोन दातेरी चाकांवरून चेनने उजवीकडे आणलेला. ब्रेकचीही तीच गत. पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा मास्टर सिलिंडर डावीकडे आणि डॅशखालून आडवी दांडी. पेडल दाबलं की आधी दांडी पिळायची, मग ब्रेक लागायचा. मी वेड्यासारखा दोनदा ब्रेकचा बूस्टर बदलला. सगळं उपसून नव्याने केलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

स्टेपनी

बाप रे. ११ हजारवाला "मास्टर सिलिंडर आहे तिथेच राहील, काळजी नको" असं म्हणाला होता. चेनबद्दल मी विचारलंच नाही, असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

गॅरेजनाना

मग उत्तर मिळालं की. आता क्रम सांगतो. आधी व्हॅसचा (गाडीतले बदल तपासून मंजूर करायच्या व्हिक्टोरियाच्या योजनेतला) इंजिनिअर गाठा, मग वर्कशॉप. अखेरीस सही त्याची लागते. त्याला काय चालतं ते लिहून घ्या आणि वर्कशॉपच्या हातात ठेवा. लोक उलटं करतात, काम संपल्यावर त्याच्याकडे जातात आणि तो सगळं परत उघडायला लावतो. चेन, तापवून वाकवलेले आर्म, कापून जोडलेला कॉलम असं काही घेऊन गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही.

६६ च्या गाडीत स्टीअरिंगचा दांडा बॉक्सपासून चाकापर्यंत एकसंध असतो. समोरून धडक बसली तर तो भाल्यासारखा छातीवर येतो. एवढं उघडतच आहात तर दबणारा कॉलम बसवा. मास्टर सिलिंडरही एकाच सर्किटचा आहे, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. ६७ पासून फोर्डने दोन सर्किट दिली, तुम्हीही तेच करा.

हेडलाइट मात्र गाडी डावी ठेवलीत तरी बदला. अमेरिकन दिव्यांचा झोत उजवीकडे झुकतो, म्हणजे इथे समोरच्याच्या डोळ्यांत. सात इंची गोल दिवे आहेत, कुठेही मिळतील.

आणि काउल! विंडस्क्रीनखालच्या जाळीतून पाणी आत जातं, तिथला पत्रा आतून सडतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. जाळीत बादलीभर पाणी ओता आणि पायाखालचा गालिचा चाचपा. डॅश निघालेला असताना हे काम पोटात जातं, नंतर करायचं तर सगळं पुन्हा उपसा.

फोंडेकर

थोडं अवांतर. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्यात गाड्या डावीकडूनच धावत राहिल्या. शेजारी ब्रिटिश हद्द ना! त्या काळात इथे गोव्यात जर्मन गाड्या बऱ्याच असायच्या. त्यातल्या डाव्या स्टीअरिंगच्या असल्या तर घोड्याचं शेपूट बघत ओव्हरटेक करणारे आमच्याकडेही असणार.

वेलिंग्टनचा_वाघ

न्यूझीलंडमध्ये २० वर्षांहून जुनी गाडी डावी चालते. माझी ६९ ची आहे, तशीच ठेवली. विकताना अमेरिकन गिऱ्हाइकही मिळतं. ओव्हरटेकला घाई करत नाही, घोडे कुठेतरी वळतातच.

स्टेपनी

सगळ्यांचे आभार. ११ हजारवाला बाद. व्हॅसच्या इंजिनिअरची वेळ घेतलीय, हेडलाइट मागवलेत. उजवीकडे करायचं की नाही ते त्याच्याशी बोलून ठरवीन.

बादलीचा प्रयोग आज सकाळी केला. गालिचा भिजला, आणि नेमका उजव्या बाजूचा, म्हणजे बायकोच्या पायाखालचा. आत्तापर्यंत ती "कशाला हवंय उजवीकडे" म्हणत होती. आता म्हणते, करून टाक, मग तिथे तू बसशील.