एकाच विहिरीवर पाळी पाळणारी घरं बोअर मात्र चोरून का घेतात? (प्रबंधासाठी मदत हवी)

माळवस्ती:
नमस्कार. समाजशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय शाश्वत विकास आणि भूजल, अभ्यास आमच्याच गावाचा, सिन्नरच्या पूर्व भागातला.

आमच्या वस्तीवर चार घरांची सामाईक विहीर आहे. पाळ्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या. आजही रात्री दोनला वीज आली तरी ज्याची पाळी तोच मोटार चालू करतो. आणि हीच चार घरं बोअर घेताना एकमेकांना कळू देत नाहीत. गाडी अंधार पडल्यावर येते. काकांनी ६०० फूट घेतली, महिन्याभरात आमची आटली. ते पाणी आता त्यांच्या शेततळ्यात, प्लास्टिकच्या कागदावर साठवलेलं, डाळिंबासाठी.

सामाईक गोष्टी कशा संपतात यावरचा हार्डिनचा १९६८ चा लेख वाचला, लोक त्या मिळून कशा सांभाळतात हे मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम वाचल्या, दुसऱ्या प्रकरणात दोघांचा सारांश लिहिला. पण पुढच्या मुलाखतींशी त्याचा धागाच जुळत नाही. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची, पुढच्या पिढ्यांच्या गरजांची व्याख्या काकांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "पुढची पिढी म्हणजे तुम्ही पोरंच ना? मग तुमच्याच फीसाठी बोअर घेतली." यावर मला काही बोलता आलं नाही. सिद्धांत नेमका वापरायचा कसा?

पांझराकाठ:
बाळा, तुझ्या शीर्षकातला प्रश्न हाच तुझा प्रबंध आहे. तो दुसऱ्या प्रकरणाखाली गाडू नकोस.

हार्डिन म्हणतो, कुरण सगळ्यांचं असलं की जो तो आपलं एक जनावर वाढवतो आणि कुरण संपतं. तुमची विहीर त्याला खोटं पाडते, तुमच्या बोअर त्याला खरं ठरवतात. माणसं तीच. म्हणजे "लोक स्वार्थी झाले" हे उत्तर बाद. ऑस्ट्रमबाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. त्या विचारतात: हक्कदार कोण, बाहेरचा कोण? नियम कुणी केला? लक्ष कोण ठेवतं? मोडला तर काय होतं? हे प्रश्न आधी विहिरीला लाव, मग बोअरला. विहिरीत वाकून पाहिलं की पाणी किती परस आहे ते चौघांनाही दिसतं. बोअरचं काय दिसतं? आपल्या काळ्या पाषाणात भेग कुठून कुठे गेली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जे दिसत नाही त्याची पाळी कशी लावणार?

आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे, काही शतकांची. बंधाऱ्यावरून पाट काढायचा, रानाचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवतात, म्हणजे झळ एकट्याला बसत नाही, सगळ्यांना थोडी थोडी बसते. पाणी धरायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. माझे वडील पाटकरी होते. बांधावर फावडं घेऊन बसलेला तो माणूस सख्ख्या भावालाही घटकाभर जास्त पाणी देत नसे. हे मी पाहिलेलं आहे.

तेव्हा काकांना व्याख्या ऐकवू नकोस. विचार, "पाळी शेवटची कधी मोडली, आणि मग काय झालं?"

अर्धा_एकर:
सरांचं पटलं, पण एक गोष्ट सुटतेय. चार घरांची विहीर म्हणजे वस्तीवरच्या बाकीच्यांची नाही. फडातही जमीन असणाऱ्यालाच पाणी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून धरलं जातं की ज्याची जमीन त्याचं तिच्या खालचं पाणी. मग मजुरी करणाऱ्या बाईचं काय?

पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचे नियम बघच. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. न्याय कसा मोजायचा याचं एवढं साधं माप मला पुस्तकांत सापडलं नाही. अमर्त्य सेन विचारतात की माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो, काय होऊ शकतो. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला तेच विचार. मुलाखतींत बायका किती आहेत तुझ्या?

कोरडवाहू:
अजून एक. डाळिंबाचा भाव आणि मोटारीचं वीजबिल वस्तीवर ठरत नाही. फक्त पाळी बघशील तर सगळा दोष चार घरांवर येईल. कर्ज कुणाचं, कशासाठी, तेही लिही.

माळवस्ती:
सर, ताई, दादा, आभार. काल काकांना तो प्रश्न विचारला. तासभर बोलले. पाळी एकदाच मोडली होती, माझ्या जन्माच्या आधी, आणि मोडणारे माझेच आजोबा. लग्नघर होतं, रोपं जळत होती. तिन्ही घरं ओट्यावर येऊन बसली, भांडण नाही, पुढच्या दोन पाळ्या कापल्या. बोअरबद्दल विचारलं तर काका म्हणाले, "ती कुणाच्या ओट्यावर बसून सांगायची?"

ताई, २३ मुलाखतींपैकी बायका दोन, दोन्ही जमीनवाल्या घरांतल्या. उद्या सकाळी हातपंपावर जातोय.